मातीच्या बांधाची राखण

(ठाणे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत भाताच्या भावावर बोलायचे, असे आधी ठरले होते. तो विषय दुपारी आहेच. पण पावसाळ्याला अडीच महिने उरले आहेत आणि आमच्या अंबरनाथ तालुक्यातल्या एका मातीच्या बांधाचे काम अर्धवट पडले आहे. म्हणून सकाळचा वेळ आम्ही मागून घेतला. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गावाच्या वरच्या अंगाला असा एखादा बांध असणार. कोणाच्या आजोबांनी घातलेला, कोणी जमीन विकली त्याबरोबर विकला गेलेला, कोणी फार्महाऊससाठी नवा केलेला. त्याचे आज काय चालले आहे हे तुम्हाला सांगता येईल का? बांधावर शेवटचे कधी चालून गेलात?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे धरणांच्या पाण्यावर जगतात. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली आणि २०१९ पासून त्यात वाढीव साठा होऊ लागला. अंबरनाथचे चिखलोली धरण पाटबंधारे खात्याचे. काकोळ्याचा जी.आय.पी. तलाव रेल्वेचा, म्हणजे मुळात एका खासगी विलायती कंपनीचा, जी.आय.पी. ही कंपनीच होती आणि तिचा कारभार सरकारकडे आला १९२५ साली. बदलापूरला उल्हासच्या पात्रातून जे पाणी उन्हाळ्यात उचलतात, त्यातले बरेचसे भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले, म्हणजे टाटांच्या ठोकरवाडी धरणातले. सांगायचे एवढेच, की धरण म्हणजे सरकारचे, ही समजूत आपल्या भागात तरी खरी नाही. धरणाला मालक असतो. मोठ्या धरणाच्या मालकाकडे इंजिनियर असतो, नोंदवही असते, पहारेकरी असतो. आपल्या ओहोळावरच्या बांधाच्या मालकाकडे यातले काहीच नसते. कधी कधी तर मालक कोण हेच ठरलेले नसते.

केंद्राने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. चांगला केला. पण तो लागू होतो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या अशा धरणांना, जी लांबीच्या, साठ्याच्या किंवा पुराच्या ठरावीक अटीत बसतात. दहा मीटरच्या आतला बांध त्या कायद्याच्या हिशेबी धरणच नाही. पाणी मात्र कायदा वाचून फुटत नाही.

आता त्या बांधाची हकीगत. गावाचे नाव घेत नाही, कारण जमिनीचे प्रकरण अजून मिटलेले नाही आणि इथे कोणाची बदनामी करायची नाही. सत्तरीच्या दशकात चार भावांनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी ओहोळ अडवला. स्वतःचे बैल, पाड्यावरची मजुरी, डोंगराचा मुरूम आणि शेतातली चिकण माती. माती पसरायची, पाणी मारायचे, धुम्मस करायची. बांध सुमारे नव्वद मीटर लांब, मधोमध सात मीटर उंच. एका टोकाला कातळात सहा मीटर रुंदीचा सांडवा, त्याचा तळ बांधाच्या माथ्यापेक्षा एक मीटर खाली. पाणी पसरते दीड हेक्टरवर, सरासरी दोन मीटर खोल धरले तर तीस हजार घनमीटर. म्हणजे तीन कोटी लिटर. वजनात सांगायचे तर तीस हजार टन पाणी, आणि ते धरून ठेवणारी चार भावांनी घातलेली माती. खाली दोन शेतांच्या अंतरावर ठाकरांची तीसेक घरांची वाडी आणि त्याखाली भाताची खाचरे.

या बांधावर तीस वर्षे वाल, काकडी, भेंडी पिकली. मग वाटण्या झाल्या. सातबारावर चौदा नावे लागली. शेती परवडेना, मुलगे बदलापूरहून लोकल पकडून कामाला जाऊ लागले, आणि पाण्याखालची जमीन कोणाच्याच उपयोगाची नाही म्हणून आधी तीच विकली गेली. विकत घेणारे मुंबईचे शेठ. दलालाने त्यांना सांगितले, "स्वतःचा तलाव आहे." बांध आहे, त्याला दरवर्षी माणूस लागतो, हे कोणीच सांगितले नाही. शेठनी काठावर बंगला बांधला, दोन होड्या आणल्या. होड्यांना पाणी कमी पडते म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचून वरून सिमेंट मारले. साधारण चाळीस सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या कोपरापर्यंत.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सांडव्यावर पोती लावायची युक्ती शेठची नाही, आपलीच आहे. चौघे भाऊही पोती लावत. पण लावत ती पाऊस सरल्यावर, वालाला दोन पाणी जास्त मिळावे म्हणून, आणि मृग लागायच्या आत काढत. शेठनी ती कायमची केली. वाडीतल्या पोरांनी त्याच सांडव्यावर मासे अडवायला जाळी लावली. जाळीत पालापाचोळा अडकला. म्हणजे वरून शेठ आणि खालून पोरे, दोघांनी मिळून सांडव्याचे तोंड आवळले.

चाळीस सेंटिमीटरने काय होते, असे आम्हाला तेव्हा पुष्कळांनी विचारले. हिशेब मांडून दाखवतो, कागद पेन्सिल असेल तर लिहून घ्या. या बांधावर पाणी येते सुमारे पन्नास हेक्टर डोंगरावरून, म्हणजे सव्वाशे एकर. आपल्याकडे तासाला शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच, पाऊस कोसळू शकतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच पावसात आपली उल्हास आणि वालधुनी दोन्ही घरात शिरल्या, हे इथल्या कोणाला सांगायला नको. त्या चार इंचातले सत्तर टक्के पाणी वाहून आले तरी सेकंदाला दहा घनमीटरच्या आसपास पाणी बांधाकडे येते. सहा मीटरचा सांडवा, पाणी एक मीटर उंचीने वाहिले तर, काठोकाठ तेवढेच पाणी बाहेर टाकतो. म्हणजे चौघा भावांनी अंदाजाने केलेला सांडवा जेमतेम पुरत होता. आता त्यातले चाळीस सेंटिमीटर पोत्यांनी खाल्ले. राहिले साठ. तुम्ही म्हणाल, साठ टक्के पाणी जाईल. जात नाही. उंची कमी झाली की वेगही कमी होतो, आणि दोन्ही मिळून पाणी जाते सत्तेचाळीस टक्क्यांच्याही आत. सेकंदाला पाच घनमीटरसुद्धा नाही. उरलेले पाच जाणार कुठे? माथ्यावरून. आणि मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेले की बांध वाचत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पाणी वाहते ते पाहून आपली फसगत होते. माती खालच्या उतारावरून चरचर कापत वर येते आणि तासा-दोन तासात दरवाजा उघडावा तशी वाट होते.

२०१९ च्या जुलैची गोष्ट. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसे गेली. धरण गळते आहे असे गावकरी आधीपासून सांगत होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी होड्यांनी काढावे लागले. त्याच पावसाच्या रात्री आमच्या बांधाचे पाणी माथ्यापासून एक वीतभर खाली आले. वाडीतली एक आजी रात्रभर दाराशी बसून होती. तिने पोरांना हलवून उठवले. म्हणाली, "ओहोळाचा आवाज बदलला रे." पोरे कंदील नि पहारी घेऊन वर गेली, आपलीच जाळी आधी कापली आणि मग सिमेंट फोडून पोती ओढून काढली. पहाटेपर्यंत पाणी हातभर उतरले.

दुसऱ्या आठवड्यात शेठच्या माणसाने पोरांविरुद्ध अर्ज दिला. दुसऱ्याच्या जमिनीत घुसून नुकसान केले म्हणून. तेव्हा वाडीतली माणसे आमच्याकडे आली आणि आम्ही या कामात पडलो.

शेठना भेटायला गेलो तर आमच्या मनात होते त्यापेक्षा माणूस बरा निघाला. चहा पाजला. म्हणाले, "माझी जमीन, माझी भिंत, माझे पाणी. यात तुमचा काय संबंध?" प्रश्न सरळ होता, त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे होते.

पहिले उत्तर कायद्याचे. इंग्लंडात लँकेशायरला एका गिरणीमालकाने स्वतःच्या जागेत तलाव बांधला. तलावाखाली जुन्या खाणीचे बुजवलेले बोगदे होते, पाणी त्यातून उतरून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत घुसले. गिरणीमालक म्हणाला, मी चांगले इंजिनियर लावले, माझा काही दोष नाही. वरिष्ठ न्यायालयाने १८६८ साली निकाल दिला तो असा, की जो आपल्या सोयीसाठी आपल्या जमिनीवर अशी वस्तू आणून साठवतो जी सुटली तर दुसऱ्याचे नुकसान करील, त्याने ती आपल्या जोखमीवर ठेवावी. सुटली तर भरपाई त्याची. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर म्हणून वकील मंडळी तो निकाल आजही सांगतात, आणि आपल्या न्यायालयांनी तो पाहिला, वापरला, १९८६ साली दिल्लीच्या ओलियम वायू प्रकरणात घातक कारखान्यांच्या बाबतीत तर त्याच्याही पुढे गेले. तेव्हा भिंत तुमची असेल तर पूरही तुमचाच, शेठ.

दुसरे उत्तर अमेरिकेतले, आणि ते ऐकताना शेठनी चहाचा कप खाली ठेवला. पेनसिल्वेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. मूळ कालव्यासाठी सरकारने बांधलेले. कालवा बंद पडला, धरण रेल्वे कंपनीला विकले, तिथून एका गृहस्थाकडे गेले. त्याने तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. पुढे ते घेतले पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबने. कार्नेगी, फ्रिक असली पोलाद-कोळशातली माणसे त्या क्लबात. त्यांनी नळ परत बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा छाटून रुंद केला, म्हणजे उंची कमी केली. तलावात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि खाली चौदा मैलांवरचे जॉन्सटाउन गाव बुडाले. २,२०९ माणसे मेली. कोर्टात क्लबला दमडीचा दंड झाला नाही. देवाची करणी ठरली. होड्या, मासे, सांडव्याची जाळी, काढून टाकलेले नळ, यातले आमच्या बांधावर काय नव्हते ते सांगा. सव्वाशे वर्षे आणि सात समुद्र मध्ये, पण माणसाने केलेल्या चुका त्याच.

शेठनी अर्ज मागे घेतला. सांडव्यावर पुन्हा पोती लावायची नाहीत आणि लावलीच तर ऑक्टोबर ते एप्रिल एवढीच, असे पाच ओळींचे लिहून दिले. वाडीनेही लिहून दिले, की पावसात सांडव्यावर जाळे लावणार नाही. पोरांना हे जड गेले. वलगणीचे मासे सोडायचे म्हणजे काय ते आगरी-कोळ्यांनाही समजेल.

पण सांडवा मोकळा झाला म्हणजे बांध सुरक्षित झाला असे नव्हे. बांध दोन तऱ्हांनी फुटतो. एक वरून, तो सांगितला. दुसरा आतून, आणि तो जास्त कपटी, कारण उन्हातसुद्धा फुटतो. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. पाझर स्वच्छ असेल आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर भिण्याचे कारण नाही. पाझराबरोबर माती येऊ लागली, पाणी गढूळ झाले, म्हणजे आतून पोकळी होत आहे. ती पोकळी खालून वर, पाण्याच्या दिशेने वाढत जाते. एक दिवस तलावाला भिडते.

ही वाट बहुधा मोरीच्या नळाशेजारून लागते. पानशेतला १२ जुलै १९६१ रोजी काय झाले ते जुन्या माणसांना आठवत असेल. मोरीचे काम पुरे झालेले नव्हते आणि तरी पाणी भरू दिले. मोरीवरचा बांध खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी धरण गेले आणि त्याच्याबरोबर खडकवासलाही. पुण्याचे अर्धे पेठभाग पाण्याखाली. आमच्या बांधाच्या पोटातही एक सिमेंटचा नळ आहे, आणि त्याची चावी बसवली आहे खालच्या टोकाला. म्हणजे चावी बंद असली की अख्खा नळ पाण्याच्या दाबाखाली बांधाच्या पोटात भरलेला. सांधा निखळला की पाणी थेट मातीत. चावी वरच्या, पाण्याकडच्या टोकाला हवी. नवा बांध घालणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

तिवऱ्याच्या वेळी त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांचे नाव घेतले आणि सगळा महाराष्ट्र हसला. हसण्यासारखेच होते, कारण गळतीची तक्रार खेकड्यांनी नव्हे, माणसांनी केली होती आणि ती माणसांनीच ऐकली नाही. पण आम्ही शेतकी शिकलेली माणसे आहोत, तेव्हा खेकड्यांवरही अन्याय नको आणि बांधावरही. चिंबोऱ्या, मुठे, उंदीर, घुशी, साळिंदर हे सगळे बांधात बिळे करतातच. लहान बांधाला त्याचा धोका मोठ्या धरणापेक्षा जास्त, कारण बांधाची जाडीच थोडी. बीळ दिसले की माती ढकलून तोंड बुजवायचे नाही. ते खणून उघडे करायचे, शेवटपर्यंत, आणि ओलसर चिकण मातीने वीत-वीत थर देऊन धुम्मस करत भरत यायचे. हे काम हिवाळ्यात, पाणी उतरत असताना.

आता आमची स्वतःची चूक. आम्ही दापोलीहून पदवी घेऊन बाहेर पडलो, पहिली काही वर्षे वृक्षलागवडीच्या कामात होतो. या भागातली जांभळे नावाजलेली. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा मोकळी जागा दिसेल तिथे जांभूळ लावा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरलो, आणि या बांधाच्या खालच्या उतारावर जी अकरा जांभळे आणि सात काजू आहेत ती आमच्याच सांगण्यावरून लागली. माती धरून ठेवतील, वर उत्पन्न देतील, असे आमचे म्हणणे. मातीच्या बांधाला मोठे झाड शत्रू आहे हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते की नाही आठवत नाही. शिकवले असेल तर आम्ही त्या दिवशी वर्गात नव्हतो. मुळे पाझराच्या दिशेने बांधात शिरतात. झाड वादळात उलटले तर मुळासकट गाडीभर माती घेऊन उलटते. आणि झाड मेले की मुळे कुजून त्यांच्या जागी नळ्या तयार होतात, थेट पाण्याला वाट देणाऱ्या. म्हणून आता ती झाडे नुसती कापूनही चालत नाही. हाताच्या अंगठ्याएवढे रोप उपटून टाकता येते. वीस वर्षांचे जांभूळ काढायचे तर तलाव रिकामा असताना बुंधा आणि जाड मुळे खणून काढावी लागतात, खड्ड्याला पायऱ्या करून थराथराने माती दाबावी लागते, आणि तेही माहीतगार इंजिनियर उभा करून. जी झाडे लावायला आम्हाला एक सकाळ लागली, ती काढायला दोन उन्हाळे लागणार आहेत. बांधावर शोभते ती हरळी. फार तर वाळा. गवत कापून न्या, पण म्हशी चढू देऊ नका. म्हशीच्या वाटेचा पावसात ओघळ होतो आणि ओघळाची घळ.

बाकीची राखण अवघड नाही, फक्त ती ठरलेल्या वेळी व्हावी लागते. मे महिन्यात गवंड्याची पाण्याची नळी घेऊन सगळ्या माथ्याची पातळी बघावी. माथा दिसायला सरळ असतो, पण जिथून ट्रॅक्टर जातो तिथे, आणि मोरीच्या वर, तो हटकून दबलेला असतो. आमच्या बांधाला मधोमध पंचवीस सेंटिमीटरचा खोलगा निघाला. म्हणजे सांडवा आणि माथा यांतला एक मीटर कागदावरच होता, खरा पाऊण मीटर. खोलगा भरताना वरची गवताळ माती काढून, खरवडून, ओली करून मग नवी माती दाबावी. माथ्याचा ढाळ पाण्याच्या बाजूला ठेवावा म्हणजे पावसाचे पाणी खालच्या उतारावर ओघळणार नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा भराव्यात. लाटांनी सुटलेले पाण्याकडचे दगड खाली बारीक खडी घालून परत बसवावेत.

पावसाळ्यात, पाझर जिथे गोळा होतो तिथे एक बादली आणि एक घड्याळ. बादली किती सेकंदात भरते, त्या दिवशी पाणी किती होते, पाझर स्वच्छ की गढूळ, एवढे आठवड्याला एकदा वहीत लिहायचे. वाडीतली सातवीतली एक मुलगी हे काम करते, आणि सांगायला आनंद वाटतो की तिची वही आम्ही पाहिलेल्या पुष्कळ सरकारी नोंदींपेक्षा नेटकी आहे. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली, तर माणूस बोलवायचा. पाणी गढूळ आले, तर वाडी रिकामी करायची आणि मगच माणूस बोलवायचा. हा क्रम उलटा करू नका.

आणि गढूळ पाझर दिसला की हातात पहिली येते ती चिकण माती, भोक बुजवायला. ती चूक करू नका. खालून तोंड बंद केले की पाणी आत कोंडते आणि दुसरीकडून जोराने फुटते. पाणी येऊ द्यायचे, माती अडवायची. त्यासाठी त्या जागी आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि दगडांचे वजन. त्याच वेळी तलावाची पातळी उतरवायची, मोरीतून किंवा नळ्यांची वळणी लावून, पण बेताबेताने. भरलेला तलाव एकदम रिकामा केला तर पाण्याकडची ओली माती घसरते. म्हणून दोन ब्रास वाळू आणि चार ब्रास खडी जूनच्या आधी बांधाखाली आणून ठेवायची. पावसात ट्रक तिथे पोचत नाही.

आता पैशाचे. इथे आमच्या मित्रांत मतभेद आहे आणि तो लपवायचे कारण नाही. काही जण म्हणतात, असल्या सगळ्या बांधांना परवाना आणि दंड लावा. आम्हाला ते पटत नाही. शेठ दंड भरतील. पण ज्या शेतकऱ्याचा बांध आहे आणि ज्याला वालाच्या उत्पन्नातून खताचे पैसे सुटत नाहीत, तो काय करील? तो बांध सोडून देईल, आणि सोडलेला बांध सर्वात धोक्याचा. विदर्भात हे घडून गेले आहे. भंडारा, चंद्रपूर भागात कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी हजारोंनी तलाव बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. मालक होता, त्याचा स्वार्थ होता, आणि खालच्या शेतकऱ्याला पाणी हवे असायचे, म्हणून पाळ दरसाल दुरुस्त व्हायची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे आले. पाणी वापरायचा हक्क लोकांकडे राहिला, पण पाळीवर माती टाकायचे काम कोणाचे ते ठरले नाही. तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. आमच्या वाडीत नेमके तेच होऊ पाहत होते, फक्त इथे मालकी सरकारकडे न जाता मुंबईला गेली.

म्हणून आम्ही असे सुचवले आहे. पाणी वापरणाऱ्याने श्रम द्यावे, मालकाने साहित्य द्यावे, आणि खाली राहणाऱ्याला, जो पाणीही वापरत नाही आणि मालकही नाही, त्याला बांधावर केव्हाही चढून बघण्याचा हक्क असावा. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, मेमध्ये, गावातल्या सगळ्या बांधांची पाहणी ग्रामसभेपुढे ठेवावी. जमीन विकताना बांधाची नोंद खरेदीखतात यावी. नुसते "तलाव" लिहून भागणार नाही. शेठनी साहित्याचे मान्य केले आहे. चौदा वारसांपैकी नऊ जणांनी सह्या केल्या. पाच जणांचे म्हणणे, आम्ही जमीन विकली, आमचा संबंध संपला. पण त्यातले तिघे अजून त्याच पाण्यावर भेंडी करतात. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

नळाचे काम मात्र राहिले आहे. मागच्या सप्टेंबरात वहीत बादलीचे सेकंद चाळीसवरून एकतीसवर आले, पातळी तीच असताना. पाणी स्वच्छ होते. तेव्हाच तलाव हळूहळू उतरवला आणि नळ आतून पाहिला, तर दुसरा सांधा उघडा. तो नळ दोन्ही तोंडांनी बंद करून आतून सिमेंटने भरून टाकायचा, आणि शेतीला पाणी बांधावरून वळणी नळीने घ्यायचे, असा सल्ला आम्ही घेतलेल्या निवृत्त इंजिनियरांनी दिला आहे. काम एप्रिलअखेर सुरू होईल. ते झाल्याशिवाय या पावसाळ्यात तलाव भरू द्यायचा नाही, हे शेठनी आणि वाडीने दोघांनी मान्य केले आहे. सांडव्याशेजारी कातळात, बांधाच्या मातीला हात न लावता, खालच्या पातळीचा चर काढायला सुरुवात झाली आहे.

ज्यांच्या गावात असे बांध आहेत त्यांनी दुपारच्या जेवणाआधी नावे, बांधाची अंदाजे लांबी-उंची आणि खाली घरे किती ते बाहेरच्या टेबलावर लिहून द्यावे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातला आम्ही अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला थांबतो. नळी, बादली आणि घड्याळ आम्ही आणतो. फावडी, घमेली आणि धुम्मस तुम्ही आणा. डबा बरोबर घ्या, वाडीवर कोणाला स्वयंपाकाला लावायचे नाही.